दाजी जिथे थांबत

प्रिय मीरा, प्रिय ईशान,

हे पत्र मीराला हवं होतं त्यापेक्षा तेरा दिवस उशिरा आणि पुष्कळ लांब होणार आहे. फोनवर ती म्हणाली होती, "आजी, माझ्या कथेतला दुष्ट माणूस वर्गात कुणालाच खरा वाटत नाही. सर म्हणतात, त्याला पटतील असे दुर्गुण दे. तू एवढी वर्षं शाळेत शिकवलंस, सांग ना, दुर्गुण कुठून आणायचे?" मी म्हटलं, उद्या सांगते. मी वेळेवर उत्तर देणारी बाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी मी अंगणात रतांब्याची सालं उन्हात पसरत होते. बोटं लाल झाली, नखांत आंबट रस गेला, आणि मला उत्तर देता येईना. कारण दुर्गुण कुठून आणायचे ते मला माहीत आहे. मी एकदा आणले होते, अशाच वैशाखात, अशाच लाल बोटांनी.

रतांब्याचं आमसूल एका दिवसात होत नाही. साल वाळवायची, त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात, आगळात, बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं पाच-सहा वेळा केलं की ते काळं आणि चिवट होतं. या कामात हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं. बासष्ट सालच्या वैशाखात माझ्या मांडीवर पाट, पाटावर वही आणि समोर सालांची चटई असायची. मी एकोणीस वर्षांची होते. कोल्हापूरला कॉलेजात इंग्रजी शिकत होते आणि परीक्षा देऊन घाट उतरून घरी आले होते. आचऱ्याहून खाडीच्या कडेने तासभर चाललं की आमचं गाव येई. वैशाखात त्या वाटेवर आधी काजूच्या आंबलेल्या बोंडूंचा वास येई, मग कुणाच्या तरी परसात भाजत असलेल्या काजूंचा तेलकट धूर, मग सुकत घातलेल्या कोळंबीचा. आमच्या घरात शिरलं की गवताच्या अढीतले आंबे. डोळे मिटून मी सांगू शकले असते, कुठे पोचले आहे.

वैशाख म्हणजे चाकरमान्यांचाही महिना. मुंबईला गिरणीत, कचेरीत, बंदरात असलेली माणसं आगबोटीने मालवणला उतरत. पत्र्याच्या पेट्या, पावाच्या लाद्या, सुवासिक साबण आणि मोठे झालेले आवाज घेऊन ती येत. पौर्णिमेला देवळाचा उत्सव होई. आदल्या संध्याकाळी नाटक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं.

गाऱ्हाणं तुम्ही एकदाच ऐकलं आहे, ईशान तर तेव्हा घाबरून रडला होता. सगळा गाव देवासमोर उभा राहतो आणि एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. "बा देवा म्हाराजा!" असं तो म्हणतो आणि सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" चुकलंमाकलं पोटात घाल, गुराढोरांना सांभाळ, भात पिकू दे, असं एकेक मागणं तो घालतो आणि प्रत्येक मागण्यामागे गावाचा होकार उठतो. तो होकार नसेल तर ते एका माणसाचं बोलणं उरतं.

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचे ते दाजी. ते आमच्या समोरच्या घरात राहत. पन्नाशीचे, काटकुळे, गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर उपरणं. थोडं भात आणि थोडी पोफळी एवढंच त्यांचं होतं. पंचायतीत त्यांना कुणी विचारत नसे, लग्नात पुढे बसवत नसे. पण वर्षातून चार वेळा ते देवळात उभे राहत आणि अख्खा गाव त्यांच्या मागून बोलत असे. त्यांचा गावातला मान तेवढाच होता.

गोविंद मास्तर गावच्या शाळेचे शिक्षक आणि उत्सवाच्या नाटकाचे सर्वेसर्वा. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते अंगणात येऊन म्हणाले, "शालू, दरवर्षी तेच देव आणि तेच राक्षस करून कंटाळो इलो. औंदा घरातला नाटक करूया. तू लिव."

मी चार दिवसांत लिहिलं. दोन भाऊ सुखाने एकत्र राहतात आणि गुणाजीराव नावाचा गावातला एक माणूस कान भरून त्यांचं घर मोडतो. गुणाजीरावांना मी झुपकेदार मिशा दिल्या, लाल डोळे दिले, हातात वेताची छडी दिली. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी ते गडगडाटी हसत.

मास्तरांनी वाचून वही खाली ठेवली. आईने दिलेलं सरबत सावकाश प्याले आणि म्हणाले, "ह्याका घाम येता काय गो?"

"कोणाक?"

"ह्या तुझ्या गुणाजीक. ह्यो जेवता काय? जेवूक बसलो तर पयलो हात कशाक घालता? असो माणूस मी तरी खंय बघूक नाय. वायट माणूस आपल्या घराकडे येवन पान खावन जाता, शालू. तेका मिशये नसतत."

ते बोलणं मला फार लागलं. कॉलेजात आमचे प्राध्यापकही वेगळ्या शब्दांत हेच सांगत. मी नवी वही घेतली आणि पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले: माणूस, सवय, कधी दिसली. त्या दिवसापासून मी आमसुलं उलटता उलटता गाव बघायला लागले. पलीकडची काकी दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी चुलीकडे बघते. मास्तर स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसतात. माझी आई पाहुण्याला आंबा देताना अढीत हात घालून दोनदा चाचपते आणि दुसऱ्या नंबरचा काढते. हे लिहिताना मला किती मजा येत होती, ते तुम्हाला कसं सांगू? जणू सगळ्यांच्या खिशांत काय आहे ते मला दिसू लागलं होतं.

सगळ्यात जास्त ओळी दाजींच्या नावापुढे भरल्या. ते समोरच राहत आणि रोज येत, एवढंच त्याचं कारण. पंगतीत वाढलेला लाडू ते कधी खात नसत, इकडे-तिकडे बघून उपरण्याच्या टोकाला बांधत. कुणाला काही अप्रिय सांगायचं तर सांगून झाल्यावर उठता उठता म्हणत, "माका काय, मी आपलो सांगलंय." आणि तिसरी गोष्ट गाऱ्हाण्यातली. सगळं गाऱ्हाणं ते धबधब्यासारखं म्हणत, पण एका ठिकाणी थांबत. "जी कोण पोटासाठी परमुलखात गेली हत, पाण्यावर आसत, वाटेर आसत..." इथे थांबत. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, घसा खाकरत आणि मग म्हणत, "तेंका सुखरूप घराक हाड." हाड म्हणजे आण. लहानपणापासून मी ते थांबणं ऐकत होते. मनातल्या मनात आकडे म्हटले तर पाच होत.

मला वाटलं, सभ्य दिसणारा माणूस खोटं बोलण्याआधी असाच थांबेल.

गुणाजीरावांच्या मिशा मी काढल्या, छडी काढली, हसणं काढलं. त्यांना उपरणं दिलं. थोरल्या भावाला धाकट्याबद्दल विष पाजताना ते म्हणतात, "तुझा भाऊ..." आणि थांबतात. कंसात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळावे, घसा खाकरावा, पाच आकडे मोजावेत. मग, "तुझं वाईट चिंतणार नाही म्हणा." जाताना, "माका काय, मी आपलो सांगलंय." आणि जेवणाच्या प्रवेशात लाडू. त्या पानावर आगळाचा एक लाल डाग पडला. पान नवीन लिहून काढावं असं मनात आलं, पण काढलं नाही.

तालमी दुपारी शाळेच्या ओसरीवर चालत. गुणाजीची भूमिका विष्णूला दिली होती. तो मुंबईला एका कचेरीत कारकून होता आणि नकला करण्यात पटाईत. त्याने पान वाचलं, कंस वाचला, माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, आणि खांद्यावरचा टॉवेल बोटाला गुंडाळून थांबला. पाच. मग घसा खाकरला.

ओसरी हसून फुटली. कुणीतरी खांबाला धरून हसत होतं. "गो शालू," विष्णू म्हणाला, "ह्यो गुणाजी तर आमच्या ओळखीचो निघालो!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ह्या ठेवचा काय गो?"

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी या ठिकाणी अडते. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला होता. मी कागदावर लिहिलेलं माणूस पहिल्यांदाच उठून चाललं होतं. मी म्हटलं, "ठेवया, मास्तर. काढला तर खोटा वाटात."

मास्तर काहीतरी बोलणार होते. पण विष्णूने पुन्हा टॉवेल गुंडाळला आणि तेही हसले.

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. दाजी पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. गुणाजी पहिल्यांदा थांबला तेव्हा मागून हशा उठला आणि दाजीही मांडीवर थाप मारून हसले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच. आपण कुठे थांबतो हे माणसाला माहीत नसतं. आपला आवाज आपल्याला कसा ऐकू येतो, तो दुसऱ्याला कसा येतो, यात जे अंतर आहे तेवढ्यात दाजी निर्धास्त बसले होते. नाटक संपल्यावर ते मुद्दाम माझ्याकडे आले. "काय माणूस उभो केलंस गो! असली माणसा असतत. मी बघलंय. तेंच्यापासून जपाक व्हया." आणि आशीर्वाद द्यावा तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चाकरमानी कोऱ्या कपड्यांत होते. दाजी नारळ घेऊन उभे राहिले. "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सभामंडप घुमला. मी बायकांच्या बाजूला उभी होते आणि मला पुढचं दिसत होतं, घाटात गाडीचा ब्रेक लागत नसताना पुढचं वळण दिसावं तसं. मी आईचा हात धरला. गुरं झाली, भात झालं. चुकलंमाकलं झालं. "जी कोण पोटासाठी परमुलखात गेली हत, पाण्यावर आसत, वाटेर आसत..."

दाजी थांबले. उपरण्याचं टोक बोटावर गेलं.

मागून कुणीतरी घसा खाकरला. गुणाजीसारखा.

हशा मोठा नव्हता. खांदे हलले, पोरी पदरात तोंड घालून फिसकन हसल्या, एवढंच. दाजींनी मागे वळून पाहिलं. आधी त्यांना वाटलं असावं, कुणी पडलं वगैरे. मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. गुंडाळलेलं उपरणं हळूहळू सोडवलं. मान वर करून त्यांनी गर्दीत कुणाला तरी शोधलं, आणि मी सापडले.

उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी एका दमात, कुठेही न थांबता म्हणून टाकलं. त्यामुळे लोकांना होकार कुठे द्यायचा ते कळेना. "व्हय म्हाराजा" मागे मागे पडत राहिलं.

घरी आल्यावर आईने ते सांगितलं. गावातल्या माझ्याहून मोठ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. दाजींना नारायण नावाचा धाकटा भाऊ होता. त्याला बोटीची भीती वाटे. दाजींनीच त्याला समजावलं, हाताला धरून मालवणच्या बंदरात आगबोटीवर बसवलं, मुंबईला पाठवलं. तिथून तो मोठ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि परत आला नाही. तो मेला असंही कधी कळलं नाही. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तिला दिसत नव्हतं. पंगतीतला लाडू तिला जाई, आणि दाजी तो नारायणाने पाठवला म्हणून सांगत. लोकांनी बघितलं तर तिच्या कानावर जाईल, म्हणून इकडे-तिकडे बघून बांधत.

"तू माका आधी कित्याक सांगलंस नाय?" मी आईवर ओरडले.

आई आमसुलांची चटई सावलीला ओढत होती. "तू इचारलंस खंय?" ती म्हणाली. "तू नुसता बघलंस."

माझ्या वहीत तीन रकाने होते, चौथा नव्हता. पण त्याहून मला न उलगडलेलं वेगळंच आहे. गावाला तर सगळं माहीत होतं. ज्यांनी त्या म्हातारीचं अंथरूण बदललं होतं, ज्यांनी नारायणाला पाहिलं होतं, तेही हसले. वीस वर्षं माहीत असलेली गोष्ट एका संध्याकाळच्या नाटकाने त्यांच्या डोक्यातून पुसली कशी? मी काही खोटं लिहिलं नव्हतं. फक्त लाडवामागची म्हातारी वगळली होती आणि थांबण्यामागचा भाऊ. तेवढं वगळल्यावर उरला तो चांगला पटेलसा दुष्ट माणूस होता.

दोन दिवसांनी मी दाजींकडे गेले. ते अंगणात सुपारी सोलत होते. मी म्हटलं, "दाजी, माझा चुकला."

"काय चुकला? तू लिवलंस ता खोटा आसा?"

"नाय, पण..."

"खोटा असता तर मी भांडलो असतंय." त्यांनी सुपारी टोपलीत टाकली. रागाचं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. "माका एक सांग. मी खराच थांबतंय?"

"व्हय."

"किती?"

"पाच मोजीपर्यंत."

ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एक, दोन, तीन. पाचापर्यंत गेले आणि टोपलीतून पुढची सुपारी उचलली. आतून म्हातारीने विचारलं, कोण आलंय? "शालू इलीहा, आये," ते म्हणाले. "कॉलेजातली."

त्याच आठवड्यात चाकरमानी निघाले. पावसाआधीची शेवटची बोट होती. विष्णू आणि इतर बैलगाडीत पेट्या चढवत होते आणि दाजी रस्त्याच्या कडेने जात होते. "गुणाजीराव, येतंव हां!" कुणीतरी ओरडलं. प्रेमानेच ओरडलं असेल. दाजींनी हात वर केला. ते नाव बोटीत बसून मुंबईला गेलं, तिथल्या खोल्यांतून फिरलं आणि पुढच्या वैशाखात अधिक पक्कं होऊन परत आलं. नाव परत आणायला कुठली बोट नसते. मी विष्णूला पत्र लिहिलं होतं, तसं बोलू नका म्हणून. त्याने उत्तर पाठवलं: नाटक पुन्हा बसवतोय, दुसऱ्या अंकाची प्रत पाठव.

पुढच्या वर्षी मी दुसरं नाटक लिहिलं. त्यात एक सज्जन माणूस घातला. तो लाडू बांधून नेतो, बोलताना थांबतो, आणि त्याची कारणं मी पानभर लिहिली होती. मास्तरांनी वही परत केली. "शालू, बरा लिवलंस. पण ह्यो आता स्टेजवर इलो की लोक हसतले. तेंका वाटतला गुणाजी सोंग करता."

त्या वर्षी उत्सवात दाजी म्हणाले, घसा बसलाय. कुणी आग्रह केला नाही. गाऱ्हाणं घालायला वसंता पुढे झाला, गावकऱ्यांपैकीच एक तरणा शेतकरी, लहानपणापासून दाजींच्या मागे उभं राहून ऐकत आलेला. दाजी मागे, दीपमाळेपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते आणि दुसरीकडेही बघू शकत नव्हते. वसंताला सगळं पाठ होतं, शब्द न शब्द. "पाण्यावर आसत, वाटेर आसत..." तो म्हणाला, आणि थांबला.

त्याच्या खांद्यावर उपरणं नव्हतं. त्याने घसाही खाकरला नाही. त्याने ते जसं ऐकलं तसं उचललं होतं आणि त्याच्या हिशेबी थांबणं हा त्या गाऱ्हाण्याचाच भाग होता. कुणीही हसलं नाही. मी पाचापर्यंत मोजलं.

"तेंका सुखरूप घराक हाड."

"व्हय म्हाराजा," मागून एक आवाज इतरांच्या आधी आला. दाजींचा घसा बसलेला नव्हता.

ते पुन्हा कधी पुढे उभे राहिले नाहीत. आणखी सोळा वर्षं जगले आणि गावाने त्यांना गुणाजी म्हणूनच पोचवलं. सरणापाशी एक मुलगा बापाला विचारत होता, त्यांचं खरं नाव काय होतं म्हणून. मी लग्न होऊन, नोकरी लागून जवळच मालवणला होते. मला सांगता आलं असतं. मी सांगितलंही, पण लाकडं पेटली होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

तर मीरा, तुझ्या सरांचं बरोबर आहे. मिशा आणि छडी काढून टाक. तुझ्या ओळखीच्या कुणाला तरी नीट बघ. तो कुठे थांबतो, काय लपवतो, उठताना काय म्हणतो, ते लिही आणि त्याची कारणं गाळ. तुझा दुष्ट माणूस लगेच खरा वाटायला लागेल. दुसरी रीत मला आली नाही. गुणाजीराव हे मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं माणूस होतं, आणि हे मी आज ब्याऐंशीव्या वर्षीही खोडू शकत नाही. तू लिहू नकोस, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लिही, असंही म्हणवत नाही. मी फक्त तुला दाजींचं सांगितलं.

नाटकाची वही एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. रकान्यांची वही मी स्वतः चुलीत घातली. विष्णू गेला, मास्तर गेले, आगबोट बंद झाली. गुणाजी हे नाव ज्यांना आठवत होतं तेही आता दोघं-तिघं उरले असतील. गाऱ्हाणं आता वसंताचा मुलगा घालतो. दाजी कोण ते त्याला ठाऊक नाही. गेल्या पौर्णिमेला मी काठी टेकत गेले होते. परमुलखातल्या, पाण्यावरच्या, वाटेवरच्या माणसांपाशी तो येतो आणि थांबतो, आणि अख्खा गाव त्याच्याबरोबर गप्प उभा राहतो. तेवढं अजून आहे. मी मोजलं, पाचच आहे.